लाल दोऱ्याचं वांगं

कुंडीत वांगं लावणं कुणालाही जमतं. पण पाच वांगी एकाच मापाची, एकाच रंगाची आणि एकाच दिवशी तोडायला तयार होतील अशी वाढवणं, हे माणसाचा स्वभाव बिघडवणारं काम आहे. माझा मुळातच फारसा चांगला नव्हता, त्यामुळे सगळा दोष मी वांग्यांना देत नाही.

जालन्यात हिवाळा सरता सरता फुलांचं आणि भाजीपाल्याचं एक प्रदर्शन भरतं. शहरातल्या काही हौशी माणसांनी सुरू केलेलं. गुलाब आणि शेवंतीपाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. एका कडेला लांब टेबलावर पांढरी चादर अंथरून कुंडीतला आणि परसबागेतला भाजीपाला मांडलेला असतो, तिथं फक्त आमच्यासारखे खुळे घोटाळत असतात. वांग्यांचा नियम असा, की एका ताटात पाच वांगी. पाचांचे देठ सारख्या लांबीचे, देठाची टोपी हिरवीगार, अंगावर डाग नाही, ओरखडा नाही. फडक्यानं पुसायचंसुद्धा नाही, कारण पुसलं की वांग्याची मूळची झळाळी जाते आणि परीक्षकांना ते दुरूनच कळतं. एखादं वांगं फार देखणं निघालं तर उलट पंचाईत होते, कारण बाकीची चार त्याच्यापुढं बापुडवाणी दिसतात. तिथं सुंदर वांग्याला किंमत नाही, सारख्या वांग्यांना आहे.

मी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. का नाही केलं, ते इथं सांगत बसत नाही. वांग्यांशी त्याचा संबंध नाही. गावाबाहेरच्या एका वसाहतीत माझं दोन खोल्यांचं घर आहे, त्याच्यावर गच्ची. त्या गच्चीवर मी अर्धे कापलेले निळे ड्रम आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडून पहिल्या वर्षी वांगी लावली, ती पुस्तकात वाचून. माती आणली ती अस्सल काळी, शेतातली, पोत्यानं. दोन महिन्यांत ती ड्रममध्ये विटेसारखी बसली आणि रोपं जाग्यावर पिवळी पडली. शिक्षकखोलीत विचारायचे, ‘मॅडम, गच्चीवरच्या शेतीचं काय?’ मी कुणाला हसू देत नसे, पण पिकलं काही नव्हतं हे खरंच होतं.

मग वडील गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली.

आमचं गाव हसनाबादच्या बाजूचं. बाजाराला तिथंच जायचं. आमच्याकडे जमीन नव्हती. आईनं आयुष्यभर वांगी तोडली, मिरच्या तोडल्या, कापूस वेचला, सगळं दुसऱ्याच्या रानात. तिच्या हाताला झाडाचं जेवढं कळतं तेवढं त्या रानांच्या मालकांनाही कळत नसेल. पण आपलं म्हणून एक रोप तिनं कधी लावलं नव्हतं. घराला अंगणच नव्हतं, लावणार कुठं?

लेकीच्या घरी राहायला येणं तिला जड गेलं. पहिले कितीतरी दिवस ती पाहुण्यासारखी खाटेच्या कडेला बसायची. मी शाळेतून आले की उठून उभी राहायची, जणू मी मुकादम. भांडं कुठं ठेवू, केरसुणी कुठं ठेवू, सारखं विचारायची. मला वैताग यायचा. मी म्हणायचे, ‘आई, हे घर तुझंच आहे.’ ती म्हणायची, ‘व्हय,’ आणि पुन्हा कडेलाच बसायची.

एका सकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि लवकर खाली आली नाही. मी वर जाऊन पाहिलं तर तिनं एका ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातलेला.

‘ही माती लई गच्च झाली,’ ती म्हणाली. ‘मुळ्या जातील कुठं? तू काय भिताड बांधून राह्यलीस का?’

ती मला पहिल्यांदाच रागावली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी चुपचाप जिन्यात उभी राहून ऐकून घेतलं. आठवड्यात तिनं सगळे ड्रम रिकामे केले, ढेकळं फोडली, वाळू मिसळली, शेणखत मिसळलं, तळाला विटांचे तुकडे घातले. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्याकडे नेम नसतो. मग तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं सगळं पाणी बादलीत जमवून ती जिन्यानं वर न्यायची. मी म्हटलं, गुडघे जातील. ती म्हणाली, ‘माझं रान हाय ते. माझं मी पाहीन.’

रान म्हणाली ती. नऊ ड्रम आणि सहा बादल्या होत्या.

त्या हिवाळ्यात वांगी लागली. आमच्या भागातली काटेरी, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघांची. पहिली तोडणी झाली आणि मी म्हटलं, चल, आज भरून करू. आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी काही भलतंच बोलले होते. ‘आधी वानोळा,’ ती म्हणाली.

रानातलं ताजं काही निघालं की ते आपल्या तोंडात घालण्याआधी शेजारी, सोयऱ्यांकडे थोडं थोडं पाठवायचं, तो वानोळा. ज्याच्याकडे रान असतं तोच वानोळा देतो. आमच्या घरी वानोळा यायचा, आमच्याकडून कधी जायचा नाही. आणि यायचा तोही कसा, तर आई मालकाच्या ओट्याखाली उभी राहायची आणि वरून तिच्या पदरात पडायचा. किडकं वांगं, मोडकी शेंग. त्यालाही ते लोक वानोळाच म्हणत आणि आईही घरी येऊन आम्हाला तेच सांगे. मोठी झाल्यावर मला त्या शब्दाची चीड यायची. आईला नव्हती येत. तिला फक्त एकदा स्वतःच्या हातानं तो द्यायचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवशी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, ताटात सात वांगी मांडली, त्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि शेजारच्या मावशींकडे गेली. या मावशी आईच्याच वयाच्या. मूळच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, आता मुलाकडे राहायला आलेल्या, त्याही आईसारख्याच या वसाहतीत बावरलेल्या. आमच्या पुढच्या खोलीतले भिंतीवरचे फोटो पाहून माणसं कशी वागतात याचा मला अनुभव आहे. काही जण चहा नको म्हणतात. मी दारात उभी राहून पाहत होते. मावशींनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. थोड्या वेळानं आई परत आली तेव्हा ताटात मूठभर तीळ होते. ‘ताट रिकामं न्हाई दिलं तिनं,’ आई म्हणाली, आणि ते तीळ तिनं बरणीत वेगळे ठेवले.

तेव्हापासून दुपारी मावशी आमच्या गच्चीवर येऊ लागल्या. ड्रमच्या सावलीला दोघी पोतं अंथरून बसायच्या. एक मेंढरांचं सांगायची, एक कापसाचं. मी शाळेतून आले की जिन्यातच हसणं ऐकू यायचं. आई आता खाटेच्या मध्यावर बसायची. भांडी तिच्या मनानं लावायची, शिळी भाकर गल्लीतल्या कुत्रीला तिच्या मनानं घालायची. मावशी मला ‘पोरी’ म्हणायच्या आणि केस विंचरले नाहीत म्हणून बोलायच्या. खरं सांगायचं तर मला त्या घरात पहिल्यांदाच घरासारखं वाटत होतं.

आणि मी काय केलं, तर प्रदर्शनाचा अर्ज भरला.

पहिल्या खेपेला दुसरा क्रमांक आला. पहिला आला तो एका गृहस्थांचा, ज्यांच्याकडे माळी होता. परीक्षक बाई माझ्या ताटापाशी थांबून म्हणाल्या होत्या, ‘चार उत्तम आहेत. पाचवं जोडीचं नाही.’ एवढंच. पण ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात राहिलं. मी वर्गात पोरांना पाठ देता देता पाचव्या वांग्याचा विचार करायचे. आईला म्हटलं, पुढच्या वर्षी बघ. तिला त्यातलं एवढंच कळलं, की लेकीला कुणीतरी कमी लेखलं. तिनं कंबर कसली.

पुढच्या हंगामात तिनं जे केलं ते कुठल्या माळ्यानं केलं नसतं. रोज सकाळी मान टाकलेला शेंडा शोधून खुडायची, कारण त्यात अळी असते आणि तीच पुढं फळात शिरते. पानांवर राख उडवायची. जुन्या मलमलीच्या लुगड्याच्या छोट्या पिशव्या शिवून कोवळ्या फळांवर चढवायची. एका झाडावर दोनच फळं ठेवायची, बाकीची खुडून टाकायची, आणि खुडताना दर वेळी पुटपुटायची, ‘जिवावर येतं बाई.’ मी काय केलं? मी पट्टी घेऊन मापं घेतली. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मी पाच वांगी निवडली आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधला. सहावं एक राखीव ठेवलं होतं. त्याला बुधवारी भोक पडलेलं दिसलं. म्हणजे आता पाचच होती. आईला दोरे दाखवले, म्हटलं, ‘ही सगळ्यात चांगली.’ प्रदर्शनाची म्हणून राखून ठेवलीत, असं शब्दांत सांगायला हवं होतं. मला वाटलं, दोरा बांधला म्हणजे कळलंच. माझ्या शाळेतल्या पोरांना मी असं अर्धवट सांगत नाही.

प्रदर्शन रविवारी होतं. शुक्रवारी मी शाळेतून आले, चपला काढायच्या आधी वर गेले आणि दोरे मोजले. चार.

मी पुन्हा मोजले. ड्रमच्या मागं, खाली, सगळीकडं पाहिलं. कडेच्या ड्रममधलं, पाचांतलं जोडीला जोड असलेलं, नेमकं ते नव्हतं. नुसता तुटलेला देठाचा भाग ओला दिसत होता. मी जिन्यातूनच ओरडले, ‘आई! दोऱ्याचं वांगं कुठंय?’

ती भाकरी थापत होती. ‘कोनचं? ते कडंचं व्हय? शेजारी दिलं की. तिला ताप यिऊन गेला, तोंडाला चव न्हाई म्हनत व्हती. म्हनलं वांग्याचं कालवन खाय. दोन दिले.’

‘अगं पण दोरा होता ना त्याला!’

‘व्हता की. म्हनूनच तर तोडलं.’ तिला माझा आवाज का चढलाय ते समजत नव्हतं. ‘सगळ्यात चांगलं हाय म्हनलीस ना तू? बाकीच्याला अळीचं भोक दिसून राह्यलं. एक बिनदोऱ्याचं बरं निघालं, ते अन् हे. आजारी मानसाला किडकं कसं द्यावं?’

आज हे लिहिताना मला तिचं वाक्य अगदी सरळ ऐकू येतं. ज्या बाईनं जन्मभर किडकं वांगं पदरात घेतलं, ती सांगत होती की किडकं देता येत नाही. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी म्हणाले, ‘वर्षभर मरमर मेले मी या पाच वांग्यांसाठी!’ हे खोटं होतं. मेली होती ती. आणि मग म्हणाले, ‘यापुढं मला विचारल्याशिवाय माझ्या घरातलं काहीही कुणाला द्यायचं नाही.’

तिच्या हातावरची भाकर तशीच राहिली. मग तव्यावर भाकर टाकून तिनं तिला पाणी लावलं, नेहमीसारखं. मला वाटलं, एवढ्यावर झालं.

तरी मी थांबले नाही. मी चपला घातलेल्याच होत्या, तशीच मावशींकडे गेले.

मावशी पुढच्या खोलीत खाली बसल्या होत्या. तापानं चेहरा उतरलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. पुढ्यात विळी होती, आणि आमच्या ताटात दोन वांगी. एकाच्या देठाला लाल दोरा तसाच. अजून चिरलं नव्हतं हे पाहून माझा जीव भांड्यात पडला, आणि मला ते आठवून आजही स्वतःची लाज वाटते.

‘ये पोरी,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या मायनं काय वांगे धाडले पाय. असे वांगे म्या रानातबी न्हाई पाह्यले.’

मी उभ्याउभ्याच म्हटलं, ‘मावशी, ते दोऱ्याचं मला परत हवं होतं. प्रदर्शनाला ठेवलेलं होतं. आईला कळलं नाही. तुम्हाला मी बाजारातून किलोभर आणून देते.’

दिलेला वानोळा परत मागायला कुणी जातं, असं त्यांनी सत्तर वर्षांत पाहिलं नसावं. त्यांना आधी कळलंच नाही. ‘परत?’ त्यांनी विचारलं. मग कळलं. त्यांनी विळी आडवी केली, ताट थोडं पुढं सरकवलं. मी दोऱ्याचं उचलायला वाकले तर म्हणाल्या, ‘ताटच न्या. दोन्ही न्या.’ गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आतून गुळाचा खडा आणला आणि वांग्यांच्या बाजूला ठेवला. ‘रिकामं ताट न्हाई द्यायचं.’

मी दारात पोहोचले तेव्हा मागून आवाज आला. ‘अन् मॅडम, किलोभर आनू नका. मला काय इकत भेटत न्हाई का?’

मॅडम. मी तो शब्द ऐकला, नाही असं नाही. पण हातात पाचवं वांगं होतं.

आई आमच्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. दोन्ही दारं समोरासमोर आहेत. तिनं ताट माझ्या हातून घेतलं नाही. मी तिच्या बाजूनं अंग चोरून आत गेले, वांगं ओल्या मलमलीत गुंडाळलं आणि माठाशेजारी गारव्याला ठेवलं. गुळाचा खडा ओट्यावर राहिला. तो तिनंही खाल्ला नाही, मीही नाही.

रविवारी आईही येणार होती. तिनं पांढरं लुगडं घडी करून उशाखाली दाबून ठेवलं होतं, इस्त्री व्हावी म्हणून. सकाळी मी तयार झाले तर ती पडूनच. ‘माझं डोकं दुखून राह्यलं. तू जा,’ म्हणाली. कपाळाला हात लावला तर गार होतं. मी गेले.

पाच देठ मी तिथं टेबलापाशी कात्रीनं एका लांबीचे केले. परीक्षक त्याच बाई होत्या. त्यांनी ताट फिरवून फिरवून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘या वेळी पाचही.’ मग विचारलं, ‘अळीला कसं रोखलंत?’ मी शेंडे खुडण्याचं सांगितलं, राखेचं सांगितलं, मलमलीच्या पिशव्यांचं सांगितलं. घडाघडा सांगितलं, शिकवायची सवयच आहे मला. आजूबाजूची चार माणसं ऐकू लागली, एकानं वहीत टिपून घेतलं. त्या सगळ्यात ‘आई’ हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. ताटासमोरच्या चिठ्ठीवर छापलं होतं ‘उत्पादकाचे नाव’, आणि खाली माझं नाव होतं. त्यावर त्यांनी पहिल्या क्रमांकाची निळी फीत लावली. माझा आनंद साधारण गेटपर्यंत टिकला.

घरी आले तर आई खाटेच्या कडेला बसलेली.

‘झालं का?’

‘पहिला आला.’

‘चांगलं झालं,’ ती म्हणाली. मनापासूनच म्हणाली, टोमणा मारायची तिला सवय नाही. मग पाचही वांगी घेऊन चुलीपाशी गेली. गॅसच्या शेगडीला ती चूलच म्हणते. भाजी छान झाली होती. माझ्या ताटात तिनं चार वांगी वाढली, एक पातेल्यात ठेवलं, आणि स्वतः ठेचा घेऊन भाकर खाल्ली. मी म्हटलं, घे ना. म्हणाली, ‘आज नको वाटून राह्यलं.’

नंतर भांडण असं काहीच झालं नाही. भांडण झालं असतं तर मी त्यात तरबेज आहे. मावशी गच्चीवर यायच्या थांबल्या. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणत, आणि दुखतही असतील. समोर दिसल्या की ‘काय मॅडम, बरं हाय का?’ असं अदबीनं विचारत. माझ्या केसांवरून बोलत नसत. त्यांचं दार आईला बंद नव्हतं, पण आईच त्यांच्या दारात जात नव्हती. झाडांना पाणी घालायची, शेंडे खुडायची, फळ मात्र तोडायची नाही. त्या वर्षीची शेवटची वांगी झाडावरच पिवळी पडून कडक झाली. माझ्या लक्षात आलं तेव्हा आत बिया झाल्या होत्या.

आणि ती विचारू लागली.

आधी मला वाटलं, वय झालं, विसरते. ‘शिळी भाकर कुत्रीला घालू का?’ दोन वर्षं ती त्या कुत्रीला घालत होती. ‘दारात गोसावी आला, पीठ दिऊ का?’ ‘माझं जुनं लुगडं हाय, बोहारनीला दिऊ का?’ स्वतःच्या लुगड्याचंही विचारायची. मी शाळेत असले तर संध्याकाळपर्यंत थांबायची. बोहारीण निघून गेलेली असायची, कुत्री दारात बसून बसून गेलेली असायची. मी चिडायचे. ‘आई, मला काय विचारतेस सारखं!’ आणि चिडून झालं की मला आठवायचं, विचारायचं मीच सांगितलं होतं. ती राग काढत नव्हती. लेकीच्या घरी कसं राहायचं हे तिला ठाऊक नव्हतं, ते लेकीनं एकदा स्पष्ट सांगितलं, आणि आता ती तसं राहत होती. आयुष्यभर तिनं दुसऱ्याच्या रानात असंच काम केलं होतं.

मी माफी मागितली. दोनदा मागितली. ती म्हणाली, ‘त्यात काय? तुझं बराबर हाय. घर तुझं हाय.’ समजुतीच्या सुरात म्हणाली.

या वर्षी मी अर्ज भरला नाही. दोरे बांधले नाहीत, पट्टी गच्चीवर नेली नाही. पहिली वांगी तयार झाली तेव्हा मीच सात तोडली, ताटात ठेवली, फडकं टाकलं आणि मावशींकडे गेले.

मावशींनी फडकं उचलून पाहिलं. ‘कशाला तरास घेतला मॅडम?’

‘वानोळा आहे.’

त्या म्हणाल्या, ‘हे रान तुमच्या मायचं हाय. वानोळा तिनं द्यायचा असतो.’ रागानं नाही, शिकवल्यासारखं. ताटावर त्यांनी फडकं नीट पसरलं. ‘ती कामून न्हाई आली? वरीस झालं, वाट पाहून राह्यले मी. दार उघडंच असतंय माझं. तिला म्हना, सोता यिऊन दे.’

मी सात वांगी घेऊन परत आले. दुसऱ्यांदा. पण या वेळी जरा हलकं वाटत होतं. आईला सगळं शब्दाला शब्द सांगितलं. तिचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. ‘असं म्हनली?’ तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, मग जा ना आत्ताच, हे ताट घेऊन. ती म्हणाली, ‘हे तू तोडल्यालं हाय. उद्या जाते मी.’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तिनं उशाखालचं पांढरं लुगडं नेसलं. मी खाली चहा घेत होते. जिन्याचं दार उघडं होतं, आणि वरून बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी चार पायऱ्या चढून पाहिलं.

ती कडेच्या ड्रमपाशी उकिडवी बसली होती. तिला आता कमी दिसतं. एका हातानं पानं बाजूला करून ती दुसऱ्या हाताच्या बोटांनी वांग्याचा देठ चाचपत होती, काटे लागत असूनही सावकाश, सगळीकडून. मग तिनं ते सोडलं आणि दुसऱ्याचा देठ चाचपला. मग तिसऱ्याचा. मला आधी वाटलं, अळी शोधतेय. मग कळलं, ती दोरा शोधत होती.

गच्चीभर एकाही देठाला दोरा नव्हता. मी तसं तिला सांगितलंही होतं. तरी तिनं सगळी वांगी तपासली, एक निवडलं, त्याच्याखाली तळहात धरला आणि जिन्याकडं तोंड करून, मी तिथंच उभी आहे हे माहीत नसल्यामुळे, जरा मोठ्यानं हाक मारली.

‘हे तोडू का?’

मी म्हटलं, ‘आई, सगळं तुझंच आहे.’

‘तसं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तू म्हन, तोड.’

‘तोड,’ मी म्हटलं.

तिनं तोडलं आणि पुढच्या झाडाकडं सरकली. सात वांगी व्हायची होती. तिनं सात वेळा विचारलं, आणि मी सात वेळा सांगितलं. मग ताट घेऊन ती मावशींकडे गेली, दुपारपर्यंत परत आली नाही, आणि समोरच्या दारातून दोघींचं हसणं ऐकू आलं. आता मावशी पुन्हा गच्चीवर येतात. मला पुन्हा पोरी म्हणतात. सगळं पूर्वीसारखं झालंय असं कुणीही म्हणेल. फक्त रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन जिन्याच्या पायथ्याशी थांबते, कारण वरून हाक येते आणि मी उत्तर दिल्याशिवाय ती तोडत नाही.